चित्रांतील भरधाव घोडे
जुन्या इंग्रजी शिकारीच्या व शर्यतींच्या चित्रांत रेखाटलेले भरधाव घोडे पाहावे, तों पुढचे पाय पुढें व मागचे मागें ताणलेले आणि चारही अधांतरीं! हेन्री आल्कन (१७८५–१८५१) याचे शर्यतीचे घोडे असेच धांवतात. पुढें १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यानें ओळीनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याचीं छायाचित्रें घेतलीं. घोडा क्षणभर अधांतरीं असतो खरा. परंतु त्या वेळीं त्याचे पाय पोटाखालीं आंखडलेले असतात. नैयायिकांचें प्रत्यक्ष प्रमाण वर्षानुवर्षें मुलांस शिकविणारे आम्ही हें वाचून ओशाळलों. डोळ्यांच्या साक्षीचीही उलटतपासणी हवी. तथापि तीं चित्रें आम्ही टाकाऊ मानीत नाहीं; वेग मनुष्यास कसा भासतो, हें त्यांत खरेंच उतरलें आहे.