गोष्ट नावाला, गाणी वीस

एका शाळकरी मुलीला शाळेच्या नाचाच्या समारंभासाठी उघड्या खांद्यांचा गाऊन हवा आहे. वडिलांनी तिचं दुकानातलं उधारीचं खातं बंद केलंय. हवा तर स्वतः कमाव, म्हणतात. मग पोरगी व्याजाने पैसे द्यायला निघते आणि हिशेबात घोळ घालते. डिसेंबर १९५६मध्ये अमेरिकेत लागलेल्या ‘रॉक, रॉक, रॉक!’ या कृष्णधवल सिनेमाची गोष्ट एवढीच. ८५ मिनिटांत वीसेक गाणी बसवायची, तर याहून जास्त गोष्ट परवडणार तरी कशी?

गाण्याला जागा करून देण्यासाठी ओढूनताणून आणलेले प्रवेश आपल्या संगीत नाटकांनीही पाहिले आहेत. पण तिथे पद म्हणणारा निदान नाटकातलं पात्र असायचा. इथे मुली टीव्ही लावतात, पडद्यावर निवेदक अ‍ॅलन फ्रीड येतो, नाव पुकारतो आणि गाणं सुरू होतं. चक बेरी, लव्हर्न बेकर, मूनग्लोज, फ्लेमिंगोज येतात, गातात, जातात. गोष्टीतल्या गोऱ्या घरांशी या काळ्या गायकांचा काही संबंध येत नाही. तेव्हाच्या अमेरिकेबद्दल हा सिनेमा जे सांगतो, ते असं नकळत.

निर्माते मॅक्स रोझेनबर्ग आणि मिल्टन सबोत्स्की. पटकथा सबोत्स्कीची, काही गाणीही त्याचीच. त्याच वर्षी मार्चमध्ये कोलंबियाच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ने थोड्या पैशांत गल्ला भरून दाखवला होता, नंतर जो तो त्या वाटेला लागला. या दोघांनी ब्राँक्समधल्या स्टुडिओत काम उरकलं. गायकांनी रेकॉर्डवर ओठ हलवायचे, झालं. नायिका ट्यूसडे वेल्ड अवघी १३ वर्षांची. तिची गाणी म्हटली कॉनी फ्रान्सिसने, जिला तेव्हा कुणी फारसं ओळखत नव्हतं. पार्श्वगायनाचं आपल्याला काय अप्रूप! पण दोन वर्षांत त्या आवाजाचं नाव पडद्यावरच्या चेहऱ्याहून मोठं झालं.

फ्रीड हा न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक. काळ्यांचं संगीत गोऱ्या पोरांच्या कानी घालण्याचं मोठं श्रेय त्याचं, आणि माणूस पक्का व्यवहारी. चक बेरीच्या ‘मेबलीन’वर गीतकार म्हणून त्याचंही नाव लागलं होतं. पुढे गाणी वाजवण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात तो अडकला आणि १९६५मध्ये ४३व्या वर्षी गेला.

धंद्याची नजर रेकॉर्डवरही दिसते. सिनेमाच्या नावाने चेस कंपनीने एलपी काढली, तीवर बारा गाणी. सगळी चेसच्याच तीन नावांची: बेरी, मूनग्लोज, फ्लेमिंगोज. त्यातली सिनेमात आहेत फक्त चार! चेसची ही पहिली एलपी.

माझ्या मते या सिनेमाचं खरं धन म्हणजे फ्रँकी लायमन. १४ वर्षांचा, चणीने लहान, आवाज मात्र छप्पर भेदणारा. आपण वाया गेलेलं पोर नाही, असं तो गातो; पावलं अशी पडतात की मागे उभे चार साथीदार डोळ्यांआड होतात. पुढच्याच वर्षी फ्रीडच्या टीव्ही कार्यक्रमात तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. अमेरिकेच्या दक्षिणेतली टीव्ही केंद्रं खवळली आणि कार्यक्रम लवकरच बंद पडला. १९६८मध्ये आजीच्या घरी हेरॉइनने त्याचा बळी घेतला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

दिग्दर्शक विल प्राइसचं नाव आज कुणी घेत नाही, आणि सिनेमा म्हणून हे काम सुमारच आहे. निर्मात्यांनी पुढे इंग्लंडात अ‍ॅमिकस नावाने भयपटांची कंपनी काढली. अमेरिकेत या चित्रपटाचे हक्क आता कुणाचेच नाहीत, त्यामुळे तो सहज मिळतो. बघायला बसलात, तर गाऊनचं काय झालं याची काळजी करू नका. लायमन येऊन जाईपर्यंत मात्र उठू नका.