घोडा घेतला, लीद तपासली का?

सोलापूर - माळशिरस तालुक्यातील अकलूज येथे दिवाळीच्या सुमारास भरणाऱ्या बाजारात परराज्यांतूनही घोडे येतात. खरेदीदार चाल, उंची, रंग, भोवरे पारखतो. पोटातील जंत मात्र नजरेस पडत नाहीत.

जंतांची अंडी लिदीतून बाहेर पडतात. उबदार, ओलसर हवेत त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात व चरताना घोड्याच्या पोटात जातात. 'स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस' या जंताच्या अळ्या आतड्याला रक्त पुरविणाऱ्या धमनीत शिरतात. तेथे गुठळी होऊन रक्तपुरवठा खुंटल्यास जीवघेणा पोटशूळ उद्‌भवतो.

दर सहा ते आठ आठवड्यांनी सरसकट जंतनाशक पाजण्याची शिफारस अमेरिकेत १९६६ मध्ये झाली व जगभर रूढ झाली. त्या अतिवापरातूनच औषधाला दाद न देणारे जंत निपजले. नव्या घोड्याबरोबर ते जुन्या तबेल्यातही शिरतात.

म्हणून नवा घोडा प्रथम वेगळा बांधावा. लीद पशुवैद्यकाकडून तपासून, वजनानुसार औषध द्यावे व चौदा दिवसांनी फेरतपासणी करावी. अंडी पुरेशी घटली नसल्यास औषध बदलणे भाग असते. चरण्याच्या जागेवरील लीद आठवड्यातून दोनदा उचलणे, हा त्यातील बिनखर्चाचा उपाय होय.