लोकमान्य टिळकांची बालकुमार चरित्रे

लोकमान्य टिळकांची बालकुमार चरित्रे हा मराठी चरित्रवाङ्मयातील एक लोकप्रिय प्रकार आहे. 'केसरी'कार बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) यांचे जीवन शालेय वयाच्या वाचकांना कळावे या हेतूने लिहिलेली छोटी पुस्तके, चित्रकथा व पाठ्यपुस्तकांतील पाठ यांचा त्यात समावेश होतो. १ ऑगस्ट हा टिळकांच्या पुण्यतिथीचा आणि अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीचा दिवस. परभणी जिल्ह्यासह राज्यभरातील शाळांत त्या दिवशी मुले जी भाषणे करतात, त्यांचा टिळकांविषयीचा मजकूर बहुधा अशाच चरित्रांतून आलेला असतो.

आधार

न. चिं. केळकर यांचे त्रिखंडात्मक टिळकचरित्र आणि स. वि. बापट यांनी संपादित केलेले 'लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका' हे १९२० च्या दशकातील ग्रंथ या लेखनाचे मोठे भांडार ठरले. बापटांनी आठवणींसोबत 'आख्यायिका' हा शब्द शीर्षकातच घातला होता. पुढील बालचरित्रांत मात्र तो भेद पुसट झाला.

कथा आणि लेखक

शेंगांची टरफले उचलण्यास नकार, 'संत' हा शब्द तीन प्रकारे लिहून त्यावर गुरुजींशी घातलेला वाद, महाविद्यालयात व्यायामासाठी खर्च केलेले वर्ष, या कथा जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आढळतात. त्या मुलांना आवडतात व बाणेदारपणा ठसवतात, हे खरे. परंतु ज्या लेखनामुळे टिळकांना कारावास झाला, ते लेखन त्यांत सहसा एका वाक्यात आटोपते.

१९०८ चा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. ३० एप्रिल रोजी मुजफ्फरपूर येथे बॉम्बस्फोट झाला. 'केसरी'ने १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख छापले. बॉम्बचा मार्ग इष्ट नव्हे, पण त्याचे मूळ सरकारी दडपशाहीत आहे आणि अधिक दडपशाहीने तो थांबणार नाही, असा त्यांचा आशय होता. न्यायालयात वाद उभा राहिला तो शब्दांच्या अर्थावर. सरकारी इंग्रजी भाषांतरे विपर्यस्त असून ज्यूरीला मराठी येत नाही, अशी टिळकांची तक्रार होती. स्वतःच्या बचावाचे त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांना दोषी ठरविले व सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईतील गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध सहा दिवस संप केला. 'संत' शब्दाची गोष्ट जाणणाऱ्या मुलाला हा खटला समजण्यास मुळीच अवघड नाही. तरीही बालचरित्रकार टरफलांवरून थेट मंडालेला पोहोचतात.

वगळलेले प्रसंग

आगरकरांशी झालेला मतभेद तर अधिकच क्वचित येतो. डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये दोघे एकत्र होते. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला व पुढील वर्षी 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला. सामाजिक बाबतींत परकीय सरकारने कायदे करू नयेत, हे त्यामागचे त्यांचे म्हणणे होते. मुलींच्या शिक्षणाविषयीची त्यांची मतेही सुधारकांना मान्य नव्हती. वर्गात निम्म्या मुली बसलेल्या असताना हे पान कोरे ठेवणे सोयीचे असले, तरी त्यामुळे आगरकर केवळ 'टिळकांचे मित्र' एवढेच उरतात.