मॉनिटर १०८०चा, चित्र ७६८चे
लिनक्स डेस्कटॉप : लेखांक नववा

१९२० बाय १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर लिनक्स सुरू होतो आणि चित्र मात्र १०२४ बाय ७६८चे उमटते. अक्षरे फुगलेली, कडा धूसर, वर्तुळे आडवी ताणलेली. सेटिंग्जमध्ये जाऊन यादी उघडावी तर १०२४ बाय ७६८ हाच सर्वांत मोठा पर्याय. हा आकडा योगायोगाने येत नाही. मॉनिटर जोडलेला आहे एवढे कर्नलला कळले, पण तो काय दाखवू शकतो ते कळले नाही, तर कर्नल कुठल्याही पडद्यावर बहुधा चालतील अशा जुन्या आकारांची यादी पुढे करते आणि ती यादी १०२४ बाय ७६८पाशी संपते. लक्षण पडद्यावर दिसत असले तरी बिघाड बहुतेक वेळा माहितीच्या देवाणघेवाणीत असतो. ती कुठे तुटली हे शोधण्याआधीच हवे ते रिझोल्यूशन बळजबरीने बसवायचा मोह आवरलेला बरा.

ही माहिती मॉनिटरमधल्या एका लहानशा मेमरी चिपमध्ये साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये तिचे पहिले प्रमाण ठरवले. मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा. पहिले आठ बाइट ठरलेले : शून्य, मग सहा वेळा २५५, पुन्हा शून्य. त्यापुढे निर्मात्याची खूण, उत्पादनाचे वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये आणि प्रत्येकी १८ बाइटांचे चार तपशीलवार रकाने येतात. यातला पहिला रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण मॉनिटरला स्वतःला पसंत असलेला मोड तिथे लिहिलेला असतो आणि एलसीडी पडद्याच्या बाबतीत तो बहुधा पडद्याच्या खऱ्या पिक्सेलसंख्येएवढाच असतो. शेवटचा बाइट पडताळणीचा : सर्व १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ने निःशेष भाग गेला पाहिजे. वाटेत एखादा बिट जरी पालटला तरी बेरीज चुकते, आणि कर्नल त्याची तक्रार आपल्या नोंदींत लिहून ठेवते. एचडीएमआय मॉनिटर आणि टीव्ही यांत या भागाला आणखी १२८ बाइटांची पुरवणी सहसा जोडलेली असते.

ही चिप वाचण्यासाठी वेगळ्या तारा असतात. व्हीजीए जोडणीत बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून माहिती येते, नवव्या पिनेवरून चिपला ५ व्होल्ट मिळतात. एचडीएमआयमध्ये हेच काम पंधरा, सोळा आणि अठरा या क्रमांकांच्या पिना करतात. डिस्प्लेपोर्टला त्यासाठी तारांची स्वतंत्र जोडी असते. लाल, हिरवा, निळा रंग वाहणाऱ्या तारांचा यांच्याशी संबंध नाही. म्हणूनच ‘चित्र तर येते आहे, मग केबल खराब कशी असेल?’ हा युक्तिवाद फसवा ठरतो. स्वस्त व्हीजीए केबलींत यांपैकी एखादी पिन गाळलेलीच असते. चित्र स्वच्छ येते, ओळख पोचत नाही. सभागृहाच्या छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि टेबलावरचा संगणक यांच्यामधली लांबलचक व्हीजीए तार, दोन संगणकांना एकच मॉनिटर देणारा केव्हीएम स्विच, एचडीएमआयचे व्हीजीए करणारा कन्व्हर्टर, सिग्नल वाटून देणारा स्प्लिटर ही या बिघाडाची नेहमीची ठिकाणे. मधले उपकरण काढून मॉनिटर थेट जोडला आणि यादी लगेच पूर्ण झाली, तर निदान झाले. पुढचे काही करायची गरज उरत नाही.

तपासाची सुरुवात मात्र आणखी साध्या प्रश्नांपासून करावी. सगळे मोठे दिसते म्हणजे रिझोल्यूशन चुकले असे नाही. ३८४० बाय २१६०च्या पडद्यावर स्केलिंग २०० टक्के असेल तर खिडक्या आणि अक्षरे १९२० बाय १०८०च्या पडद्याएवढीच जागा घेतात, पण कडा रेखीव राहतात. फुगलेले पण रेखीव असेल तर स्केलिंग. फुगलेले आणि धूसर असेल तर रिझोल्यूशन. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूतही येणाऱ्या सिग्नलचा आकार बहुधा दिसतो, आणि डेस्कटॉपच्या सांगण्यापेक्षा तो अधिक विश्वासार्ह.

दुसरा प्रश्न : लॉगिनचा पडदा नीट दिसतो का? तो स्वच्छ असेल आणि लॉगिननंतरच चित्र बिघडत असेल, तर ड्रायव्हर व केबल निर्दोष आहेत. दोष वापरकर्त्याच्या जतन केलेल्या मांडणीत आहे. नोममध्ये ही मांडणी घरच्या फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात, ‘मॉनिटर्स’ नावाच्या एक्सएमएल फाइलीत असते. ती दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून पुन्हा लॉगिन केले की नोम मांडणी नव्याने ठरवते.

तिसरा प्रश्न सत्राचा, म्हणजे डेस्कटॉप जुन्या एक्स ११वर चालला आहे की वेलँडवर. फेडोराने २०१६ मध्ये २५व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २०२१ मध्ये २१.०४पासून वेलँड हा नेहमीचा पर्याय केला. तरीही इंटरनेटवर फिरणारे बहुतेक उपाय एक्स ११च्या काळातले आहेत आणि ते एक्सरँडआर या कमांडभोवती फिरतात. वेलँडमध्ये ही कमांड चालते, उत्तरही देते, पण ते उत्तर जुन्या प्रोग्रॅमांसाठी उभ्या केलेल्या एक्सवेलँड या मध्यस्थाचे असते. तिथला आकडा खरा मोड असेलच असे नाही आणि तिथे मागितलेला बदल मॉनिटरपर्यंत जात नाही. तासन्‌तास वाया जातात ते इथेच. वेलँडवर नोमसाठी त्याच्या सेटिंग्ज, केडीईसाठी केस्क्रीन-डॉक्टर आणि स्वेसाठी स्वेमेसेज ही साधने वापरावीत.

दोन्ही व्यवस्थांच्या खालचे सत्य कर्नलकडे असते आणि ते ‘सिस’ या फाइलप्रणालीत उघड मांडलेले असते. (कमांड आणि फाइलींची नावे इथे उच्चारानुसार दिली आहेत, टर्मिनलवर ती रोमन अक्षरांतच द्यावी लागतात.) ‘सिस’मधील ‘क्लास’ आणि त्यातील ‘डीआरएम’ या फोल्डरात प्रत्येक जोडणीचे एक उपफोल्डर असते, एचडीएमआयच्या पहिल्या जोडणीचे नाव सहसा कार्ड-क्रमांक आणि ‘एचडीएमआय-ए-१’ असे. त्यातल्या तीन फाइली पाहाव्यात. ‘स्टेटस’मध्ये जोडणी आहे की नाही ते लिहिलेले असते, ‘मोड्स’मध्ये कर्नलने मान्य केलेले आकार आणि ‘ईडीआयडी’मध्ये मॉनिटरकडून आलेले बाइट जसेच्या तसे. स्टेटस ‘जोडलेले’ सांगते आणि ईडीआयडी वाचली तर रिकामी निघते, अशी स्थिती असेल तर केबल किंवा मधले उपकरण दोषी. बाइट १२८ वा २५६ भरले आणि तरी मोड अपुरे असतील, तर ईडीआयडी-डिकोड या प्रोग्रॅमने ते उलगडून पाहावेत. पडताळणीची बेरीज जुळते का, पसंतीचा मोड कोणता, हे तो सविस्तर सांगतो.

सेटिंग्जमधल्या यादीची लांबीही बोलकी असते. १०२४, ८००, ६४० असे जुने दोन-चार आकार दिसत असतील तर ईडीआयडी हरवली आहे. यादीत एकच पर्याय असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर जातो. खरा ड्रायव्हर नसला की कर्नल संगणकाच्या फर्मवेअरने सुरुवातीला लावून ठेवलेल्या पडद्यावरच काम भागवते आणि तो आकार बदलण्याची सोय नसते. याचे सर्वाधिक आढळणारे कारण ‘नोमोडसेट’ हा एक शब्द. इन्स्टॉल करताना पडदा काळा पडला म्हणून तो बूटच्या ओळीत घातला जातो आणि काम झाल्यावर काढायचा राहून जातो. तो असेपर्यंत इंटेल, एएमडी किंवा नुव्हो या ड्रायव्हरांना मोड लावण्याचा अधिकारच मिळत नाही. चालू बूटची ओळ ‘प्रॉक’मधील ‘सीएमडीलाइन’ या फाइलीत वाचता येते. शब्द सापडला तर ग्रबच्या फाइलीतून काढून ग्रब अद्ययावत करावा.

तो शब्द नसेल तर एलएसपीसीआय ही कमांड ‘के’ या पर्यायासह चालवावी. ग्राफिक्स कार्डाच्या नावाखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. तिथे काहीच नसेल, तर कारणे साधारणपणे दोन. एक, कार्डाची फर्मवेअर फाइल नाही. एएमडीच्या कार्डांना ती लागतेच. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मुक्त परवाना नसलेल्या फर्मवेअरचा समावेश २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून झाला, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांवर ही अडचण अधिक दिसते. दोन, एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर बसवला आहे, पण सिक्युअर बूट चालू असल्याने सही नसलेले मॉड्यूल कर्नलने नाकारले आहे. मॉड्यूलच्या सहीची किल्ली नोंदवणे हा त्यावरचा योग्य उपाय. सिक्युअर बूट बंद करणे हा सोपा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मॉनिटरच खोटा असल्यामुळे केबलचा प्रश्न येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये गेस्ट अॅडिशन्स बसवून ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवला की खिडकीच्या आकाराबरोबर रिझोल्यूशन बदलते.

कधी कधी ओळख पोचते, ड्रायव्हरही ठीक असतो आणि तरी फक्त सर्वांत मोठा मोड गायब असतो. इथे गणित आडवे येते. ३८४० बाय २१६०चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवताना न दिसणारा मोकळा भाग धरून ४४०० बाय २२५० पिक्सेल मोजावे लागतात; गुणाकार ५९४ मेगाहर्ट्झ. एचडीएमआय १.४ची मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ, म्हणून तिथे हे चित्र ३० हर्ट्झवरच मिळते. साध्या सिंगल-लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५. यूएसबी-सी डॉकमध्ये चारांपैकी दोन जोड्या यूएसबीच्या वेगवान डेटासाठी वापरल्या गेल्या, तर मॉनिटरच्या वाट्याला उरलेल्या दोनच येतात. न पेलणारे मोड कर्नल यादीतून आधीच गाळते. तो बिघाड नव्हे. कुठलीही कमांड तिथे उपयोगी पडत नाही, जोडणीच बदलावी लागते.

टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर रिझोल्यूशनला हात लावू नये. ते ओव्हरस्कॅन आहे आणि टीव्हीच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’सारख्या नावाने ते बंद करता येते.

केबल बदलणे शक्य नाही, तार भिंतीत गेलेली आहे, अशा वेळीच मोड हाताने सांगण्याची पाळी यावी. एक्स ११वर सीव्हीटी ही कमांड १९२०, १०८० आणि ६० हे आकडे देऊन चालवली की १७३ मेगाहर्ट्झची एक ओळ मिळते. ‘आर’ हा पर्याय जोडला तर मोकळा भाग आखडून तीच गरज १३८.५वर येते. एचडी टीव्हींचे प्रमाण यापैकी एकही नाही, ते १४८.५ आहे. म्हणून एखादा टीव्ही सीव्हीटीची ओळ नाकारतो आणि संगणक मात्र सगळे ठीक असल्याचे सांगत राहतो. १३६६ बाय ७६८चा पडदा आणखी हट्टी : सीव्हीटीला रुंदी आठच्या पटीतच लागते, त्यामुळे ती १३६८ करून देते.

मिळालेली ओळ एक्सरँडआरच्या ‘न्यूमोड’ने नोंदवायची, ‘अॅडमोड’ने जोडणीला चिकटवायची आणि मग ‘आउटपुट’ व ‘मोड’ देऊन लागू करायची. शेवटच्या कमांडपुढे त्याच ओळीत पंधरा सेकंद थांबून ‘ऑटो’वर परतण्याची कमांड लिहून ठेवावी. पडदा काळा पडला तरी तो आपोआप परत येतो. जुन्या सीआरटी मॉनिटरांना चुकीच्या वारंवारितेने इजा होऊ शकत असे; आजचे एलसीडी मॉनिटर ‘मर्यादेबाहेर’ असा संदेश दाखवून गप्प बसतात.

एक्सरँडआरने केलेला बदल लॉगआउटबरोबर जातो. एक्स ११वर तो टिकवायचा तर ‘ईटीसी’मधील ‘एक्स ११’ या फोल्डरात मॉनिटरची कॉन्फिगरेशन फाइल लिहावी लागते. वेलँडसाठीही चालणारा मार्ग कर्नलच्या बूट-ओळीतून जातो. ‘व्हिडिओ’ या पॅरामीटरला जोडणीचे नाव आणि १९२०x१०८०@६० असा मोड दिला की कर्नल तो मोड यादीत स्वतः घालते. त्याहून चांगला उपाय खऱ्या ईडीआयडीचा. तोच मॉनिटर चांगल्या केबलने एकदा जोडून ‘सिस’मधील ईडीआयडी फाइलीची प्रत काढावी, ती ‘लिब’मधील ‘फर्मवेअर’ फोल्डरात ठेवावी आणि ‘डीआरएम डॉट ईडीआयडी-फर्मवेअर’ या पॅरामीटरने कर्नलला तिचा पत्ता द्यावा. ग्राफिक्स ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला लोड होत असेल, तर ही फाइल इनिटरॅमएफएसमध्येही समाविष्ट करावी लागते. नाहीतर कर्नल ती शोधते तेव्हा मुख्य डिस्क अजून जोडलेलीच नसते. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर या पॅरामीटरांना दाद देईलच असे नाही; त्याला ईडीआयडी देण्याची सोय त्याच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे.