चिमूटभर तंबाखूची तरतरी

कराडच्या बाजारापासून मिरजेच्या रेल्वे फलाटापर्यंत हे दृश्य नेहमीचेच. तळहातावर चिमूटभर तंबाखू, त्यात नखभर चुना, अंगठ्याने चार वेळा मळणे आणि मग गालात बार. त्याशिवाय डोके चालत नाही, असे सांगणाऱ्यांत शिकलेसवरलेलेही असतात. सातारा-सांगलीत मिश्री लावणाऱ्या महिलाही हेच सांगतात. हा अनुभव खोटा नव्हे. त्याचे कारण मात्र निराळे आहे.

निकोटिन हे मुळात कीटकांसाठीचे विष. ते तंबाखूच्या मुळांत तयार होते आणि पानांत साठते. कृष्णाकाठचा शेतकरी विडी-तंबाखूचे शेंडे खुडतो, तेव्हा झाडाला ती इजाच वाटते आणि पानांतील निकोटिन वाढते. गिऱ्हाइकाला हवा असलेला 'कडक' माल तो हाच.

मज्जापेशींमध्ये निरोप पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन हे रसायन कीटकांत असते, तसेच माणसातही. त्याची कुलुपे मानवजातीहून कितीतरी प्राचीन आहेत आणि निकोटिनची बनावट किल्ली त्यांना लागते. कीटक त्याने मरतो. माणसाच्या मेंदूत अल्प मात्रेने लक्ष आणि सुखसंवेदना यांची केंद्रे चाळवतात. चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. प्रयोगशाळेची पायरी न चढता साधलेले हे रसायनशास्त्रच!

वनस्पती खाऊन जगलेल्या पूर्वजांकडून विषे मोडणारी विकरे आपल्या यकृताला लाभली आहेत. ती सुमारे दोन तासांत रक्तातील निम्मे निकोटिन संपवितात. तंबाखूची ओळख मात्र अलीकडची. अमेरिकेतील यूटा येथे 12,300 वर्षांपूर्वीच्या चुलीत तिच्या बिया सापडल्या. आपल्याकडे ती आली पोर्तुगीजांबरोबर. सतराव्या शतकारंभी अकबराचा वकील असदबेग याने ती विजापुराहून मोगल दरबारात नेली. चार शतके म्हणजे उत्क्रांतीच्या हिशेबात क्षणच.

तंबाखू न खाणाऱ्याला निकोटिन दिल्यास एकाग्रता किंचित वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. सवय जडल्यावर मात्र मेंदू कुलुपांची संख्या वाढवितो. निकोटिन ओसरले की चित्त भरकटते, चिडचिड होते. पुढची चिमूट माणसाला बहुतांशी तिथेच आणून सोडते, जिथे न खाणारा आधीपासून असतो. तरतरी वाटते ती याचीच.

याची किंमत केवळ मुखाच्या कर्करोगाने मोजावी लागते असे नाही. मिश्रीसह धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत आढळले. गर्भाच्या घडत्या मेंदूतही तीच कुलुपे असतात.

तंबाखू सोडल्यावर पहिले काही दिवस सर्वाधिक बेचैनीचे असतात. तीन-चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. त्या दिवसांत सल्ल्यासाठी 1800-11-2356 ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आहे.