छंदोबद्ध स्तोत्रगायन : छंद, चाल आणि उपासक

प्रस्तावना :
बायबलच्या जुन्या करारातील 'स्तोत्रसंहिता' या ग्रंथात १५० स्तोत्रे आहेत. मूळ हिब्रू काव्य ठरावीक अक्षरसंख्येवर नव्हे, तर मुख्यतः विचारांच्या समांतर मांडणीवर उभे आहे. त्यामुळे त्याचा शब्दशः अनुवाद कडव्यांच्या ठरावीक चालीत बसत नाही. मध्ययुगीन पश्चिम युरोपात उपासनेतील ही स्तोत्रे प्रामुख्याने धर्मगुरू, संन्यासी व गायकवृंद लॅटिन भाषेत गात असत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीत हे गायन सामान्य उपासकांच्या मुखी यावे म्हणून स्तोत्रे लोकभाषेत छंदोबद्ध करण्यात आली. मात्र छंद व चाल यांची सांगड घालताना जिनिव्हा व स्कॉटलंड येथे भिन्न मार्ग अवलंबिले गेले. त्यांचे स्वरूप व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जिनिव्हा : स्तोत्रागणिक चाल
जॉन कॅल्विन यांच्या प्रेरणेने क्लेमां मारो व थिओडोर द बेझ यांनी स्तोत्रांचे फ्रेंच पद्यरूपांतर केले. १५६२ मध्ये ते पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. त्यात शंभराहून अधिक छंदरचना व सुमारे १२५ चाली आहेत. म्हणजेच बहुतेक स्तोत्रांना स्वतंत्र चाल लाभली. उपासनेत सर्वांनी एकाच स्वरात, वाद्यांच्या साथीवाचून गावे असा दंडक होता. चालींचे महत्त्व एवढे होते, की रूढ चाली परवानगीवाचून बदलल्याबद्दल लुई बुर्ज्वा या संगीतकारास १५५१ मध्ये अल्पकाळ कारावास भोगावा लागला.

स्कॉटलंड : एका छंदास अनेक चाली
स्कॉटलंडच्या चर्चने १६५० मध्ये स्वीकारलेल्या इंग्रजी स्तोत्रसंग्रहात प्रत्येक स्तोत्र 'कॉमन मीटर' या छंदात उपलब्ध होते. या छंदाच्या चार ओळींत अनुक्रमे आठ, सहा, आठ व सहा उच्चारावयव असतात. परिणामी या छंदातील कोणतेही स्तोत्र त्याच छंदाच्या कोणत्याही चालीवर गाता येते. अभंगाची अक्षररचना कायम ठेवून चाल बदलता येते, तसाच हा प्रकार होय. १६१५ च्या संग्रहात अशा सर्वसाधारण वापराच्या बारा चाली स्वतंत्रपणे दिल्या होत्या. मोजक्या चाली कंठस्थ असलेल्या निरक्षर उपासकालाही त्यामुळे संपूर्ण स्तोत्रसंहिता गाणे शक्य झाले.

या सोयीचे मोलही द्यावे लागले. विलाप व स्तुती हे परस्परविरुद्ध भाव एकाच चालीवर गायिले जाऊ लागले. अनेकांना वाचता येत नसल्याने अग्रगायकाने ओळ म्हणावी व समुदायाने ती गावी, या प्रथेस १६४५ च्या उपासनाविषयक निर्देशिकेने मान्यता दिली. कालांतराने गायनाची लय संथ झाली. प्रत्येक जण आपापल्या परीने स्वरांना मुरडी देऊ लागला. अठराव्या शतकाच्या मध्यास अ‍ॅबर्डीन परिसरातील सुधारकांनी याविरुद्ध गायनवर्ग चालविले.

तथापि लुईस बेटासारख्या गेलिकभाषक प्रदेशात ही प्रथा टिकून राहिली. गेलिक भाषेत पहिली पन्नास स्तोत्रे १६५९ मध्ये व संपूर्ण संहिता १६९४ मध्ये छंदोबद्ध झाली होती. सुधारकांनी ज्याला दोष मानले, ती व्यक्तिगणिक स्वरांची गुंफण आज तेथील समूहगायनाचे वैशिष्ट्य मानली जाते.

समारोप :
जिनिव्हाने स्तोत्र व चाल यांचे नाते घट्ट ठेवून भावानुरूपता जपली. स्कॉटलंडने ते सैल करून सुलभता साधली. तरीही या परंपरा एकमेकींपासून तुटलेल्या नव्हत्या. जिनिव्हात १३४ व्या स्तोत्रासाठी योजिलेली चाल इंग्रजीत १०० व्या स्तोत्रास जोडली गेली व 'ओल्ड हंड्रेड्थ' या नावाने सर्वदूर पोहोचली. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तिगीतांसाठी अभंगाचा अवलंब केला, त्यामागेही उपासकाच्या ओठी सहज रुळेल असा छंद निवडण्याचीच दृष्टी दिसते. चालीची निवड हा केवळ संगीताचा प्रश्न नसून उपासनेत कोणाचा आवाज ऐकू यावा याचा तो निर्णय असतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.