फळी वाचवत नाही, नदीची ओळख वाचवते

आमच्या वसाहतीतला एक मुलगा यंदा बारावी पास झाला. खळाळत्या नदीतून छातीखाली फळी घेऊन, डोके पुढे करून सुसाट जाण्याचा खेळ त्याने मोबाईलवर पाहिला. याला रिव्हरबोर्डिंग म्हणतात. तो आम्हाला म्हणाला, "काका, मला पोहता येतं. फळी मिळाली की झालं."

आई घाबरली, वडील रागावले. पण नुसते 'नको' म्हटल्याने तरुण पोरे थांबत नाहीत, चोरून जातात. म्हणून एका रविवारी त्याला घेऊन आम्ही रायगड जिल्ह्यातील कोलाडला गेलो. तेथे कुंडलिका नदीत रबरी होड्यांचे राफ्टिंग चालते. होडी नेणाऱ्या एका अनुभवी माणसाने आम्हाला काठावर बसवून नदी समजावून सांगितली.

पहिली गोष्ट पाणी कोठून येते याची. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात येते, वीज तयार करते आणि पुढे कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे स्वच्छ ऊन असतानाही या नदीची पातळी वाढू शकते. पाणी सुटण्याची वेळ विचारल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नये. कपडे धुणाऱ्या आयाबहिणींनीही हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट जोराची. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तेथे दंडातली ताकद चालत नाही.

तिसरी, पाणी वाचण्याची. दोन खडकांमधून गुळगुळीत पाणी निघून त्याचे टोक खालच्या दिशेला निमुळते होत असेल, तर ती बहुधा वाट असते. टोक वरच्या दिशेला असेल, तर तेथे पाण्याखाली खडक दडलेला समजावा. मोठ्या खडकामागे पाणी उलटे फिरून संथ होते. दम घ्यायला ती जागा. पुढचे वळण दिसत नसेल तर काठावर उतरून आधी पाहून यावे.

फळीवर छाती टेकून मुठी पकडायच्या, कोपरे आत घ्यायची, पायातल्या रबरी पंखांनी पाणी मारायचे. हेल्मेट, लाइफ जॅकेट, गुडघ्यांना संरक्षण हवेच. फळी मनगटाला किंवा पायाला बांधू नये. ती खडकात अडकली तर माणूसही अडकतो.

फळी सुटली तर? आमचा मुलगा पटकन म्हणाला, "उभा राहीन." तो माणूस म्हणाला, "हीच चूक जीव घेते." पाय दगडांच्या फटीत अडकला की मागचा रेटा माणसाला पुढे पाडून पाण्याखाली दाबून धरतो. पाणी कमरेएवढे असले तरी! म्हणून पाठीवर पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर ठेवावेत, आणि संधी मिळताच तिरके पोहत काठ गाठावा. दोर फेकला तर छातीशी धरावा, हाताला गुंडाळू नये.

पडलेले झाड म्हणजे चहाची गाळणी. पाणी आरपार जाते, माणूस अडकतो. त्यापासून लांबूनच बाजूला व्हावे. आणि बंधारा! वरून साधासुधा दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते. तेथे फळी, जॅकेट, पट्टीचा पोहणारा, कोणाचेच काही चालत नाही. बंधाऱ्याला काठानेच वळसा घालावा.

आम्ही लहानपणी गावच्या विहिरीत पोहायला शिकलो. पाण्यातले आपल्याला कळते, असा आमचाही समज होता. त्या दिवशी तो गळून पडला. विहिरीचे पाणी उभे असते, नदीचे चालते.

परतीच्या एस.टी.त मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आधी राफ्टमध्ये बसून नदी शिकतो. फळी नंतर." घरी त्याच्या आईने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हटले, "वहिनी, आता जाऊ द्या त्याला. पण एकट्याला नाही आणि पुरात तर नाहीच नाही."

पालकहो, मुलांना पाण्याची नुसती भीती घालू नका. त्यांना पाणी शिकवा.